चार ढग आणि एक जुनी लिफ्ट

तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचा कम्प्युटर ओलीस धरला गेल्याची बातमी दुपारच्या चहाआधीच सगळ्या इमारतीत पोचली. कुठल्याशा लांबच्या चोराने इंटरनेटवरून आत शिरून त्यांच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं होतं आणि पडद्यावर किल्लीची किंमत लिहून ठेवली होती. रुग्णांचे एक्स-रे, कवळ्यांची मापं, कुणाची कुठली दाढ काढली आणि कुणाची काढायची राहिली, सगळं आत अडकलं. डॉक्टर जिन्याशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा आ करा बघू" म्हणत होते. ज्यांनी ओळखीखातर आ केला, त्यांच्यातल्या एकदोघांना त्यांनी आत नेऊन खुर्चीत बसवलंही.

ही हकिकत दुसऱ्या मजल्यावर टेपवाल्यांनी ऐकली आणि त्यांच्या हातातला कप बशीत वाजला.

टेपवाल्यांचा धंदा आवाजाचा. टेप जाऊन जमाना झाला होता, पण माणसाला चिकटलेलं नाव कम्प्युटर आला म्हणून सुटत नाही. दोन खोल्या, एकीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले, दुसरीत कम्प्युटर, आणि दारावर 'ध्वनिमुद्रण करून मिळेल' अशी पाटी. लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी, कचेरीत टोकनचे नंबर पुकारणारी, वजनाच्या यंत्रावर उभं राहिलं की 'कृपया हलू नका' असं बजावणारी, तरणतलावावर 'वेळ संपली आहे, पाण्याबाहेर या' असं सांगणारी बाई कोण, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. ती टेपवाल्यांची बायको होती. होती म्हणजे, बायको अजून आहे. आवाज तेवढा गेला. घशाचं एक लांबलेलं दुखणं झालं आणि ते बरं होताना आवाजाला खालच्या पट्टीत सोडून गेलं. तिला त्याचं फारसं दुःख नव्हतं. "आता माझा आवाज लिफ्टला लावलात तर माणसं जिन्यानं जातील," असं ती आल्यागेल्याला स्वतःच सांगायची आणि घोगरं हसायची. हल्लीची कामं टेपवाले बाहेरच्या मुलींकडून करून घेत. त्या घरबसल्या बोलून फाइल पाठवत. आवाज स्वच्छ, उच्चार चोख, आणि ऐकून झाल्यावर लक्षात काही राहत नसे.

दुःख असलंच तर टेपवाल्यांना होतं, पण ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. कम्प्युटरवर 'जुने' नावाचा एक फोल्डर होता. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून जे जे म्हटलं ते सगळं त्यात होतं. रोज जेवण झालं की टेपवाले कानाला हेडफोन लावून तो फोल्डर उघडत. काय करताय असं बायकोने विचारलं, तर "खरखर काढतोय" असं सांगत. खरखर काढायचं काम बरीच वर्षं चाललं होतं. तेवढ्या वर्षांत समुद्राचासुद्धा आवाज निघून गेला असता.

तेव्हा दंतवैद्यांची वार्ता ऐकून टेपवाल्यांच्या डोळ्यांपुढे धंदा आला नाही, 'जुने' आला. पण बायकोला ते म्हणाले, "धंद्याच्या डेटाची सोय करायला हवी. सगळे लोक हल्ली ढगात ठेवतात."

"ठेवा की," बायको म्हणाली. "मला विचारून कधी काही ठेवलंय?"

इथवर गोष्ट सरळ होती. कुठलीही एक बॅकअप सेवा घ्यायची, फायली वर चढवायच्या आणि झोपायचं. पण जिन्यात टेपवाल्यांना वरच्या मजल्यावरचे विमावाले भेटले.

विमावाल्यांचा सगळा जन्म विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेला होता. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, दोन वेळा चोरीला गेलेली एकच मोटार, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यामुळे न जळालेल्या दुकानावर त्यांचा विश्वास बसत नसे. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं. टेपवाल्यांनी 'ढग' हा शब्द उच्चारताच त्यांच्या चेहऱ्यावर जुनं रक्त चढलं.

"कुठला ढग?" त्यांनी विचारलं.

"बघतो एखादा."

"एखादा? टेपवाले, तुलना केल्याशिवाय मी आजवर टूथपेस्टसुद्धा घेतलेली नाही."

हे खरं होतं. त्यांची बायकोही तेच सांगायची, पण तिच्या बोलण्याचा सूर वेगळा असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमावाले एका मोठ्या पुठ्ठ्यावर चौकटी आखून हजर झाले. आडव्या ओळींत चार कंपन्या. त्यांची नावं इतकी एकसारखी होती की पहिल्या तासातच दोघांनी ती सोडून दिली आणि पडद्यावरच्या चिन्हांवरून बोलायला सुरुवात केली: निळा ढग, हिरवा ढग, छत्रीवाला आणि फुकटचा. उभ्या रकान्यांत प्रश्न. जागा किती? वेग किती? फाइल बदलली तर आधीची प्रत किती दिवस ठेवणार? कुलपाची किल्ली कुणाकडे? आणि शेवटी, विमावाल्यांच्या खास आग्रहाने, अडचण आली तर जिवंत माणूस फोन उचलतो का?

हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. निळ्या ढगाचा फोन लावला तेव्हा एका बाईने त्यांना सांगितलं की त्यांचा कॉल फार महत्त्वाचा आहे. मग वाद्यसंगीत. मग पुन्हा बाई. विमावाले घड्याळ बघत होते. टेपवाले डोळे मिटून ऐकत होते.

"कच्चं काम," ते म्हणाले.

"काय झालं?"

"'महत्त्वाचा' म्हणायच्या आधी श्वास घेतलाय बाईने. ऐकू येतोय. आणि वाक्य संपताना सूर वर नेलाय. रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी सूर खाली आणून बोलायचं असतं, म्हणजे त्याचा राग बसतो. आमच्याकडे हे असलं पास झालं नसतं."

विमावाल्यांनी निळ्या ढगापुढे 'आवाज कच्चा' अशी नोंद केली. पुठ्ठ्यावर तसा रकानाच नव्हता. तो त्यांनी नवा आखला.

हिरव्या ढगाच्या फोनवर यंत्र बोललं. छत्रीवाल्याकडे खरोखरचा माणूस होता, पण तो समोरच्याला काय हवं आहे हे सोडून त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आवडीचा रंग विचारत राहिला. फुकटच्याला फोनच नव्हता.

दरम्यान सल्ला द्यायला माणसं येऊ लागली होती. तळमजल्यावरून डॉक्टर आले आणि पुठ्ठ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले, जसे लोक दुसऱ्याच्या एक्स-रेसमोर उभे राहतात. "आधी मला सांगितलं असतंत तर," असं ते म्हणाले, पण कुणाला काय सांगितलं असतं तर, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. जाताना त्यांनी विमावाल्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं.

विमावाल्यांचं म्हणणं पडलं की कागदावरची तुलना म्हणजे जाहिरातीची तुलना. चारही सेवांची काही दिवसांची मोफत चाचणी मिळत होती. चारही एकाच वेळी लावायच्या. समान संधी, समान परिस्थिती.

टेपवाल्यांचा कम्प्युटर वयाने समंजस होता. एका वेळी एक काम सांगितलं तर तो ते कुरकुर न करता करायचा. त्याच्यावर चार कंपन्या एकदम चढवल्या तेव्हा तो प्रथम गप्प झाला आणि मग त्याच्या आतला पंखा असा घोंघावू लागला की शेजारच्या खोलीतलं ध्वनिमुद्रण थांबवावं लागलं. तरी दोघेही खूश होते. चारही चिन्हं कोपऱ्यात गोल गोल फिरत होती; काहीतरी वर जात होतं. दोन दिवसांनी कम्प्युटरने जाहीर केलं की जागा संपली.

"असं कसं होईल?" टेपवाले म्हणाले. "मी तर काही ठेवलेलं नाही."

ठेवणारे वेगळेच होते. प्रत्येक सेवेने वर पाठवायच्या मालाची गठडी बांधण्यासाठी कम्प्युटरवरच आपला एक फोल्डर उघडला होता. निळ्या ढगाला हिरव्याचा फोल्डर दिसला. ही मालकाची मौल्यवान चीज असावी असं समजून त्याने त्याची प्रत काढली. हिरव्याने छत्रीवाल्याची काढली. छत्रीवाल्याने निळ्याची काढली, तिच्यात हिरवा होताच. तिघंही एकमेकांना जपत होते. टेपवाल्यांना जपायला कुणालाच वेळ मिळाला नव्हता. विमावाल्यांनी फोल्डरांची तपासणी करून सर्वांना ताकीद दिली, म्हणजे ज्या खुणा काढायच्या त्या काढल्या, ज्या लावायच्या त्या लावल्या, आणि चार दिवसांनी चारही चिन्हांवर बरोबरची खूण उमटली.

"झालं," टेपवाले म्हणाले. "आता कुठलाही एक ठेवू."

विमावाल्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की टेपवाल्यांना आपण गोदाम पेटवल्यासारखं वाटलं.

"दावा केल्याशिवाय विमा कळतो का, टेपवाले? हप्ते घेताना सगळ्याच कंपन्या गोड बोलतात. माल जळल्यावर कोण परत देतो ते बघायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीतरी जाळायचं."

त्यांची योजना सोपी होती. कम्प्युटरवरचा एखादा फोल्डर मुद्दाम पुसून टाकायचा आणि चौघांकडे तो परत मागायचा. जो सगळ्यात आधी आणि पूर्ण परत देईल त्याला पसंत करायचं. चाचणीच्या दाव्याने धंद्याला धोका नको, म्हणून चालू कामांना हात लावायचा नाही. विमावाल्यांनी चष्मा सरसावून फोल्डरांची नावं वाचली आणि एकावर बोट ठेवलं.

"हा 'जुने' काय आहे?"

"जुनी रेकॉर्डिंग," टेपवाले म्हणाले.

"गिऱ्हाइकांना लागतात?"

"नाही."

"मग उत्तम. मोठा आहे आणि बिनकामाचा आहे."

टेपवाल्यांनी या वेळी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलंही. पण काय सांगणार? आपण या वयात रोज दुपारी दार लोटून, स्वयंपाकघरात भांडी घासत असलेल्या स्वतःच्याच बायकोचा जुना आवाज चोरून ऐकतो, हे एका निवृत्त दावा-तपासनिसाला सांगायचं? विमावाले ते संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत सांगणार, मंडळी आपापल्या घरी सांगणार. टेपवाल्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "नाही, तसं काही अडणार नाही."

चार चार ढगांत प्रती आहेत, मग भ्यायचं कशाला, असंही त्यांनी मनाला बजावलं. मन काही ऐकत नव्हतं, पण बोटाने बटण दाबलं. विमावाल्यांनी कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला लावली. अर्धवट जळालेला माल त्यांना पूर्वीपासूनच पसंत नव्हता.

मग दावे दाखल झाले.

निळा ढग खरं तर बॅकअप नव्हताच. तो प्रतिबिंब होता. इकडे जे असेल ते तिकडे दिसणार. इकडे पुसलं गेलं, तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न करता तिकडेही पुसलं आणि 'सर्व काही अद्ययावत आहे' असं अभिमानाने कळवलं. पुसलेलं काही दिवस राखून ठेवायची सोय पैसे भरणाऱ्यांना होती, चाचणीवाल्यांना नव्हती. हिरव्याने आधी नवीन फायली, मग जुन्या, असा क्रम धरला होता. बरोबरची खूण ही 'काम समाधानकारक चालू आहे' या अर्थाची होती, असं त्याच्या मदतीच्या पानावर तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं. 'जुने' त्याच्या रांगेत शेवटी उभा होता आणि तिथूनच गेला. फुकटच्याने मोठ्या आकाराच्या फायली घेतच नसल्याचं सविनय सांगितलं.

राहिला छत्रीवाला. त्याच्याकडे सगळं होतं. अगदी सगळं, तारीखवार, सुरक्षित. इतकं सुरक्षित की ते उघडायला एक लांबलचक किल्ली लागत होती. अंक, अक्षरं आणि उद्गारचिन्हं यांची ती माळ टेपवाल्यांना पहिल्याच दिवशी दिली होती, ती कंपनीकडेसुद्धा नव्हती, आणि 'ही हरवू नका' असं तीनदा बजावलं होतं. टेपवाल्यांनी ती हरवली नव्हती. ती त्यांनी कम्प्युटरवरच्या, स्वतः रोज न चुकता उघडत असलेल्या, सगळ्यात विश्वासाच्या जागी जपून ठेवली होती.

"कुठे?" विमावाल्यांनी विचारलं.

टेपवाल्यांनी पडद्यावर 'जुने' होता त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. विमावाल्यांनी बऱ्याच माणसांना जळालेल्या दुकानासमोर उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

एक कम्प्युटर दुरुस्तीवाला आला, डिस्क काढून घेऊन गेला आणि परत घेऊन आला. पुसलेल्या फायली पुष्कळदा परत मिळतात, असं त्याने सांगितलं, फक्त त्या जागेवर नवीन काही लिहिलेलं नसावं. आणि या डिस्कवर तर, तो म्हणाला, कुणीतरी एकमेकांच्या प्रतींचा डोंगर रचून ठेवलाय. पुसल्यावरही गठड्या बांधणं चालूच होतं. मूळच्या टेपा होत्या का? होत्या. घराला रंग दिला तेव्हा, आता सगळं कम्प्युटरवर आलंच आहे म्हणून, टेपवाल्यांनी स्वतः खोक्यात भरून रद्दीवाल्याला दिल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर टेपवाले सवयीने खुर्चीत जाऊन बसले. हेडफोन कानाला लावले. समोर रिकामी जागा होती. बायको पदराला हात पुसत दारात आली.

"खरखर निघाली का?"

"निघाली," टेपवाले म्हणाले. "पूर्ण."

विमावाल्यांपासून मात्र त्यांना लपवता आलं नाही, कारण नुकसानीचं कारण आणि स्वरूप कळल्याशिवाय विमावाले खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. टेपवाल्यांनी खिडकीकडे तोंड करून सगळं सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत एकच खोली होती. अंड्यांचे ट्रे नव्हते. जाड रजई होती. रस्त्यावरची वर्दळ थांबली, वरच्या पोरांचं धावणं संपलं, नळ टपकायचा राहिला की बायको मांडी घालून रजईखाली बसायची, एका हातात माइक, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि मांडीवर वाक्यांचा कागद. टेपवाले बाहेर. बोल, अशी खूण म्हणजे रजईवरून तिचा गुडघा दाबायचा. दहा वेळा दाबावा तेव्हा एक वाक्य नीट निघे. मध्येच शेजारी शिंकायचा, मध्येच तिलाच हसू यायचं. रजईतून बाहेर येई तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटलेले असत आणि ती आधी पाणी मागायची. ती लिफ्टचं वाक्य म्हणत होती तेव्हा त्या दोघांनी लिफ्ट पाहिली होती, पण दोघं कधी तिच्यात बसली नव्हती. जिना चढायचा म्हटलं तरी घर तळमजल्यावर होतं.

एवढं बोलून टेपवाले थांबले. सांत्वन हा विमावाल्यांचा विषय नव्हता. त्यांनी जे येत होतं तेच विचारलं.

"माल तयार झाला तो कुठे कुठे पाठवला?"

"कसला माल?"

"अहो, गोदाम जळालं. कबूल. पण गोदामातून माल बाहेर जात होता ना? जळण्याआधी जो विकला गेला तो जळत नाही. तो गिऱ्हाइकाकडे असतो."

टेपवाले खिडकीपासून वळले.

त्या दिवसापासून दोन वयस्कर गृहस्थ, एकाच्या हातात छोटं रेकॉर्डिंग यंत्र आणि दुसऱ्याच्या हातात कारण नसताना छत्री, अशा थाटात शहरभर हिंडू लागले. औषधाच्या दुकानातलं वजनाचं यंत्र अजून होतं. टेपवाले त्याच्यावर उभे राहिले. 'कृपया हलू नका,' पन्नाशी न ओलांडलेल्या, किंबहुना तिशीही न गाठलेल्या आवाजात त्यांची बायको म्हणाली. ते हलले नाहीत. यंत्राने वजनाची चिठ्ठी बाहेर टाकली तरी हलले नाहीत. मागे रांग झाली. औषधवाला म्हणाला, "काका, वजन तेच राहणार आहे." विमावाल्यांनी रांगेतल्या माणसांना मागे सारून टेपवाल्यांना आणखी चारदा उतरवलं आणि चढवलं, कारण पहिल्या दोन वेळी कुणीतरी खोकलं होतं.

तरणतलावावरचा कर्णा बदललेला निघाला. तिथे आता शिट्टी मारतात. मागे येणाऱ्या ट्रकवर 'सावधान, गाडी मागे येत आहे' म्हणणारी बाई त्यांची नव्हती, पण हे कळायच्या आत टेपवाले ट्रकच्या मागे बरंच अंतर उलटे चालत गेले होते.

टोकनवाल्या कचेरीत दाराशीच त्यांना टोकन घ्यावं लागलं. कशासाठी, असं शिपायाने विचारलं तेव्हा टेपवाले प्रामाणिकपणे म्हणाले, "टोकनसाठीच." आत त्यांचा आवाज चालू होता, म्हणजे बायकोचा. नुसते आकडे आणि खिडक्या, पण आकडा संपताना सूर असा अलगद खाली उतरत होता की बाकावरची माणसं पेंगत होती. टेपवाले यंत्र मांडीवर ठेवून कर्ण्याखाली बसले. काही वेळाने त्यांचाच नंबर पुकारला गेला. ते उठले नाहीत. पुन्हा पुकारला गेला. तिसऱ्यांदा पुकारला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मान बाहेर काढली.

"तुमचाच नंबर ना? या की!"

"राहू द्या," टेपवाले म्हणाले. "आणखी दोनदा पुकारा."

कारकून त्यांना साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी विचारलं की तक्रार आहे का. तक्रार नाही, आवाज हवा आहे. कुणाचा? बायकोचा. साहेबांनी काही वेळ छताकडे पाहिलं. हरवलेल्या व्यक्तींचा विभाग दुसऱ्या इमारतीत आहे, असं ते म्हणाले. विमावाल्यांनी पुढे सरून सगळा मामला कायदेशीर भाषेत मांडला, तेव्हा साहेबांची खात्री झाली की प्रकरण त्यांना वाटलं त्याहून गंभीर आहे. त्यांनी दोघांना पाणी पाजून सन्मानाने बाहेर पोचवलं.

अशा गोष्टी घरी पोचायला वेळ लागत नाही. त्यात तिसऱ्या गल्लीतल्या जुन्या पाच मजली इमारतीच्या सेक्रेटरींनी भर घातली. त्या इमारतीच्या लिफ्टला जाळीचं सरकतं दार होतं आणि ते उघडं राहिलं की लिफ्ट बोलायची. बायकोचं सगळ्यात पहिलं विकलं गेलेलं वाक्य ते. टेपवाले तिथे गेले तेव्हा लिफ्टमध्ये नोटीस लावलेली होती: शनिवारी जुनी लिफ्ट काढून नवीन बसवण्यात येईल. सेक्रेटरींना विचारलं, तर ते म्हणाले, बाहेरच्या माणसाने लिफ्ट वापरायची असेल तर समितीकडे अर्ज करावा. समिती कधी बसते? पुढच्या महिन्यात. टेपवाल्यांनी जिन्याने वर जाऊन एकदोनदा लपून दार उघडं ठेवायचा प्रयत्न केला, पण पहारेकऱ्याने हाताला धरून खाली आणलं. त्यांच्या सगळ्या व्यावसायिक आयुष्यात त्यांना कुणी हाताला धरून खाली आणलं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा बायको खुर्चीत बसून होती. तिच्या बसण्यावरूनच टेपवाल्यांना कळलं.

"सेक्रेटरींचा फोन होता," ती म्हणाली. "तुमचे मिस्टर आमच्या लिफ्टपाशी घुटमळतात, म्हणाले. घरी सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं."

"अगं, ते धंद्याचं..."

"विमावाल्यांच्या बायकोने परवाच सांगितलंय मला सगळं."

टेपवाल्यांनी हातातलं यंत्र पाठीमागे लपवलं.

"रोज दुपारी खरखर काढत होतात," बायको म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? हेडफोनमधून बाहेर ऐकू येतं, अहो. भांडी घासताना मी नळ बंद करून ऐकायची." तिने पदर खोचला. "आणि आता जिचा आवाज गोळा करत गावभर फिरताय, ती बाई घरात बसलीय. तिच्याशी दिवसभरात काय बोलता? चहा, वर्तमानपत्र आणि माझा चष्मा कुठाय."

टेपवाले अगदी हळू म्हणाले, "शनिवारी ती लिफ्ट काढतायत."

बायको उठली, आरशात बघून केस सारखे केले आणि चपला पायात सरकवल्या.

"यंत्र घ्या," ती म्हणाली.

त्या इमारतीत सेक्रेटरी दाराशीच भेटले. अर्जाचं काय झालं, असं ते विचारू लागले तेव्हा बायकोने त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमच्या लिफ्टला बोलायला मी शिकवलं. त्या वेळी तुम्ही अर्ज मागितला नव्हता." सेक्रेटरी बाजूला झाले. ते का झाले हे त्यांना नंतर समितीपुढे सांगता आलं नाही.

लिफ्ट अरुंद होती. दोघं आत शिरली, चौथ्या मजल्यावर गेली, आणि बायकोने जाळीचं दार थोडं उघडून त्याच्यात पाय ठेवला.

'कृपया दरवाजा बंद करा.'

टेपवाल्यांनी यंत्र वर धरलं होतं. बायको वर छतातल्या जाळीकडे बघत होती, तिथे एखादी ओळखीची मुलगी बसलेली असावी तशी.

'कृपया दरवाजा बंद करा.'

"केवढी घाबरलेय," बायको म्हणाली.

"घाबरलेली नाहीस. छान म्हटलंयस."

"घाबरलेय. दीड महिन्यावर बाळंतपण आलं होतं. रजईत श्वास पुरत नव्हता. आणि तुम्ही गुडघा काय दाबत होतात हो, जसा काही दारावरच्या घंटेचा खटका!"

'कृपया दरवाजा बंद करा.'

"हे 'करा' झाल्यावर मी काय म्हटलं होतं, आठवतंय?"

टेपवाल्यांना आठवत नव्हतं. फोल्डरमध्येही ते नव्हतं.

"'अहो, झालं असलं तर बाहेर काढा, पायाला मुंग्या आल्यात.' तेवढं कापलंत तुम्ही."

"गिऱ्हाइकाला कसं देणार ते?"

"गिऱ्हाइकाला नका देऊ. पण ठेवायचंत ना कुठेतरी."

'कृपया दरवाजा बंद करा,' लिफ्ट म्हणाली. खालून कुणीतरी जाळी खडखडवली. कोण अडवून बसलंय, लिफ्ट सोडा, सामान घेऊन उभे आहोत, असा ओरडा सुरू झाला. त्यात सेक्रेटरींचाही आवाज होता आणि तो आता पुन्हा समितीच्या बाजूने बोलत होता. टेपवाले कावरेबावरे झाले. यंत्र बंद करून खिशात घालावं या बेतात ते होते.

बायकोने त्यांचा हात धरून यंत्र होतं तिथेच राहू दिलं. पाय दारातून काढला नाही. मग ती जाळीशी वाकली आणि त्या घोगऱ्या, खालच्या पट्टीतल्या, कुणीही कधीच विकत न घेतलेल्या आवाजात पाच मजले दणाणून जातील अशी ओरडली:

"आवाज बंद करा रे खाली! इथं रेकॉर्डिंग चालू आहे!"

खाली सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत लिफ्टने आपलं वाक्य आणखी एकदा म्हटलं, अगदी स्वच्छ. आणि ते संपल्यावर बायको हसली तेही यंत्रात आलं.

टेपवाल्यांनी घरी येऊन ती फाइल कम्प्युटरवर घेतली. खालचा ओरडा, सेक्रेटरी, जाळीची खडखड, सगळं तिच्यात होतं. विमावाले पुठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, एवढी खरखर आहे, आधी साफ करा, मग कुठल्या ढगात ठेवायची ते ठरवू. टेपवाल्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, बायकोसाठी दुसरी खुर्ची ओढली, आणि फाइल तिच्यासह पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्यातलं काहीही कापलं नाही.